प्रक्षेपणाचं घर कुठे असावं

इंटरनेट रेडिओ सुरू करायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो सॉफ्टवेअरचा: आइसकास्ट घ्यावं की शाउटकास्ट? मग माईक कोणता, मग महिन्याचा खर्च किती. प्रश्न रास्तच आहेत, पण त्यांच्याआधीचा एक प्रश्न सुटून जातो आणि पुढची सगळी मांडणी त्यामुळे बिघडते. या कामात हात घातल्यापासून माझं मत एका मुद्द्यावर पक्कं होत गेलं आहे. सर्वांत आधी ठरवायचं ते हे, की कार्यक्रम तयार कुठे होतो: स्टुडिओत की सर्व्हरवर? बहुतेक नवी केंद्रं न विचारताच पहिलं उत्तर देऊन टाकतात. मंडळाच्या खोलीतल्या संगणकावर गाणी, शेजारी माईक आणि मिक्सर, तिथून एक प्रवाह सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर तो श्रोत्यांना वाटतो. कागदावर हे सुटसुटीत दिसतं, पहिले काही दिवस चालतंही. तरी ही रचना मुळातच उलटी आहे असं माझं म्हणणं आहे. कार्यक्रमाचं घर सर्व्हरवर असावं. स्टुडिओने तिथे पाहुण्यासारखं यावं, बोलावं आणि आपली वेळ संपली की निघावं. सर्व्हर उभारताना जे निर्णय घ्यावे लागतात ते जवळजवळ सगळे या एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती नीट तपासून घ्यायला हवी.

एफएमच्या जगातून आलेल्या माणसाला हा आग्रह अवाजवी वाटेल. एफएमवर निवेदक अडखळला, तबकडी अडली, स्टुडिओतली वायर सुटली, तर काय होतं? ट्रान्समीटर चालूच असतो. श्रोत्याला शांतता ऐकू येते, तो क्षणभर थांबतो, आवाज परत येतो. त्याच्या रेडिओचा काटा होता तिथेच असतो. इंटरनेटवर असं होत नाही. इथे हवेत पसरलेली एक लहर नसते. प्रत्येक श्रोत्याचा सर्व्हरशी स्वतंत्र जोड असतो आणि त्या जोडाच्या दुसऱ्या टोकाला स्टुडिओतून येणारा प्रवाह असतो. आइसकास्टमध्ये या प्रवाहाच्या पत्त्याला माउंट म्हणतात. स्टुडिओचा प्रवाह तुटला आणि त्यासाठी काही पर्याय नेमलेला नसला, तर माउंटच नाहीसा होतो आणि त्यावर बसलेल्या प्रत्येक श्रोत्याचा जोड सर्व्हर बंद करतो. ब्राउझरमधला प्लेअर समजतो की कार्यक्रम संपला. बहुतेक प्लेअर आपण होऊन पुन्हा जोडत नाहीत. स्टुडिओ अर्ध्या मिनिटात परत आला तरी श्रोता परत येत नाही, कारण त्याच्या फोनवर आता काहीच वाजत नसतं, आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी किंवा गाडी चालवताना फोन हातात घेऊन पुन्हा बटण दाबायला कोणी बसलेलं नसतं. एफएमवर जी नुसती शांतता असते, ती इंटरनेटवर श्रोत्यांची हकालपट्टी होते. ज्याने हा फरक मनात पुरता उतरवला, त्याला सर्व्हर कसा उभारायचा ते निम्मं कळलं.

यातले आकडे पाहिले की धोका किती जवळ आहे ते दिसतं. नवा श्रोता जोडला गेला की आइसकास्ट त्याला सुरुवातीला ६४ किलोबाइट एकदम देतो, म्हणजे त्याच्या प्लेअरकडे थोडी शिल्लक राहते. १२८ केबीपीएसच्या प्रवाहाला सेकंदाला १६ किलोबाइट लागतात. म्हणजे ही शिल्लक चार सेकंदांची. दुसरीकडे, स्टुडिओकडून काहीच येत नाही असं दिसल्यावर सर्व्हर मूळ मांडणीप्रमाणे दहा सेकंद वाट पाहतो आणि मग प्रवाह संपला असं ठरवतो. घरगुती ब्रॉडबँडचे बहुतेक सगळे आजार यातला चाराचा आकडा सहज ओलांडतात आणि अनेक दहाचाही: राउटर हँग होणं, वीज जाऊन इन्व्हर्टरवर येताना मोडेम रीस्टार्ट होणं, एका जोडणीवरून दुसरीवर जाताना आयपी पत्ता बदलणं. शेवटच्या प्रकारात आणखी एक पेच असतो. स्टुडिओतलं सॉफ्टवेअर लगेच नव्या पत्त्यावरून परत जोडायला जातं, पण सर्व्हरच्या लेखी जुना जोड अजून जिवंत असतो, म्हणून तो सांगतो की माउंट वापरात आहे आणि नव्याला नकार देतो. आपलंच केंद्र आपल्याला दारातून परत पाठवतं, दहा सेकंद उलटेपर्यंत. यात कोणाचाही हलगर्जीपणा नसतो. कार्यक्रमाचा उगम घरगुती जोडणीच्या टोकाला ठेवला की हे होणारच.

यावर पहिला उपाय आइसकास्टमध्येच आहे आणि अनेक जण तिथेच थांबतात. प्रत्येक माउंटला एक पर्यायी माउंट, म्हणजे फॉलबॅक, नेमता येतो. मुख्य प्रवाह गेला की सर्व्हर श्रोत्यांना न तोडता पर्यायावर सरकवतो, आणि तशी सूचना दिली असेल तर मुख्य प्रवाह आल्यावर परत आणतो. हे जरूर करावं. पण दोन अटी लक्षात ठेवाव्यात. पर्यायी प्रवाहाचा प्रकार, बिटरेट, सॅम्पलरेट, मोनो-स्टीरिओ हे सगळं मुख्य प्रवाहासारखंच हवं, नाहीतर काही प्लेअर मधेच अडखळतात आणि आपण टाळू पाहत होतो तेच होतं. दुसरी अट जास्त महत्त्वाची: तो पर्यायी प्रवाह कुठून येतो? तोही त्याच खोलीतल्या दुसऱ्या संगणकावरून येत असेल, तर वीज दोघांचीही एकदमच जाते. पर्याय सर्व्हरवरच असायला हवा. आणि एकदा सर्व्हरवर चोवीस तास वाजू शकेल असा प्रवाह उभा केलाच, तर त्याला अडगळीतला पर्याय म्हणून का ठेवायचं? तोच मुख्य करावा.

लिक्विडसोप नावाचं मोफत सॉफ्टवेअर नेमकं यासाठी आहे. फ्रान्समधल्या लियाँच्या एकोल नॉर्मालमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते निघालं. खरं म्हणजे ती एक छोटी भाषा आहे: थेट कार्यक्रम असेल तर तो, नसेल तर या वेळची यादी, यादीत बिघाड झाला तर ही एक फाइल, असा अग्रक्रम आपण तिच्यात लिहितो. स्टुडिओ आइसकास्टशी न जोडता लिक्विडसोपशी जोडतो. आइसकास्टला प्रवाह मिळतो तो त्याच यंत्रावरच्या लिक्विडसोपकडून, आणि तो कधी तुटत नाही, कारण मधे घरगुती ब्रॉडबँड उरतच नाही. या भाषेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण दिलेला स्रोत केव्हातरी रिकामा पडू शकतो असं तिला आढळलं, तर ती प्रक्षेपण सुरूच करत नाही. स्रोत बेभरवशाचा आहे असं सांगून थांबते. यादीतल्या फाइली हलवल्या गेल्या तर? थेट निवेदक आलाच नाही तर? ज्या प्रश्नांना उत्साहाच्या भरात आपण बगल देतो ते ती आधी विचारते आणि उत्तर घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. नवशिक्यांना हा संदेश म्हणजे कटकट वाटते आणि ते तो गप्प करण्याचा जवळचा मार्ग शोधतात, म्हणजे रिकाम्या जागी शांतता भरणारा एक शब्द लिहून मोकळे होतात. माझी विनंती आहे की तसं करू नका. एक चांगली, आपली स्वतःची, तासभराची ध्वनिफीत सर्व्हरच्या डिस्कवर ठेवा आणि ती शेवटची पायरी करा. ज्यांना भाषा लिहायची नाही त्यांच्यासाठी अझुराकास्ट आहे. त्यात लिक्विडसोप आणि आइसकास्ट दोन्ही ब्राउझरमधल्या पडद्यामागे बसवलेले असतात, फक्त त्याला यंत्र थोडं मोठं लागतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वरवरचा नाही. रेडिओ म्हणजे जिवंत माणसाचा आवाज. यंत्राने याद्या वाजवायच्या असतील तर रेडिओ कशाला, मोबाइलमध्ये गाणी काय कमी आहेत? आक्षेपामागची आस्था मला पूर्ण मान्य आहे. पण सर्व्हरवर घर केल्याने थेट आवाज कमी होतो ही समजूत चुकीची आहे. वरच्या अग्रक्रमात थेट कार्यक्रम सर्वांत वर आहे. निवेदक जोडला गेला की चालू गाणं संपायची वाट न पाहता त्याला जागा द्यायची, की गाणं संपल्यावर द्यायची, हे आपणच ठरवतो. तो निघाला, किंवा त्याची जोडणी तुटली, की याद्या परत येतात. स्टुडिओतून सगळं चालवणाऱ्या छोट्या केंद्रात मात्र निवेदकाचा बराचसा वेळ संगणक राखण्यात जातो. पुढचं गाणं लावलं का, जोडणी टिकली का, घरी जाताना यंत्र चालू ठेवायचं का, या विवंचनेत बोलायचं राहूनच जातं. शिवाय स्टुडिओ पाहुणा झाला की तो एकच असण्याची गरज उरत नाही. सांगलीची एक निवेदिका सकाळी तिच्या घरून येऊ शकते, संध्याकाळी ठाण्याहून दुसरा कोणी. दोघांना वेगळे पासवर्ड आणि वेगळ्या वेळा देता येतात. मोफत मिळणारं बट हे छोटं सॉफ्टवेअर आणि बऱ्यापैकी माईक एवढं प्रत्येकाकडे असलं की पुरतं. थेट आवाज वाढवायचा असेल तर तो असाच वाढतो.

थेट आवाजाच्या बाबतीत एक बिघाड मात्र अग्रक्रमाने सुटत नाही: जोडणी शाबूत आहे पण माईक बंद आहे. सर्व्हरला प्रवाह मिळतोय, त्यात आवाज नाही. लिक्विडसोपला शांतता ओळखता येते; मूळ मांडणीत उणे ४० डेसिबलपेक्षा हळू आवाज सलग २० सेकंद राहिला की तो त्याला शांतता समजतो आणि आपण सांगितलं असेल तर स्रोत बदलतो. हे जरूर वापरावं, पण आकडे आपल्या कार्यक्रमाप्रमाणे बदलून. श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं मौन पाळलं जातं. हळू मुद्रित झालेल्या मैफलीत विलंबित आलापाच्या सुरुवातीला आवाज फार खाली असतो. अशा वेळी यंत्राने मधेच सिनेमाचं गाणं लावलं तर ते शांततेहून वाईट.

आता रात्रीचा प्रश्न. मराठी केंद्र असेल तर रात्री ऐकणार कोण, म्हणून मध्यरात्री प्रक्षेपण बंद करायचं असं अनेक जण ठरवतात. मराठी माणूस आता एका घड्याळावर राहत नाही हे त्यात विसरलं जातं. पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या संध्याकाळचे आठ झालेले असतात. जेवणाची वेळ, घरात मराठी कानावर पडावं असं वाटण्याची वेळ. लंडनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. स्टुडिओ झोपलेला असताना कोणाची तरी ऐन संध्याकाळ असते, आणि ती फक्त सर्व्हरवर राहणारा कार्यक्रमच भरू शकतो. त्याला जोडून एक सावधगिरीची सूचना, कारण ही चूक फार सर्रास होते: भाड्याने घेतलेला सर्व्हर बहुधा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर, लावलेला असतो. तिथे सकाळी सहाला लावलेली भूपाळी पुण्यात साडेअकराला वाजते. सर्व्हरची वेळ भारतीय करून घ्या आणि वेळापत्रक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची वेळ वेगळी तपासा. दोन्ही एकच असतात असं धरून चालू नका.

सर्व्हरवर चोवीस तासांचा कार्यक्रम ठेवायचा म्हटल्यावर तो भरायचा कशाने, हा प्रश्न आपोआप येतो, आणि इथे बहुतेक केंद्रं कायद्याकडे डोळेझाक करतात. भारतात एफएमला किंवा सामुदायिक रेडिओला जसा माहिती आणि प्रसारण मंत्रालयाचा परवाना लागतो तसा वारंवारितेचा परवाना इंटरनेट प्रवाहाला लागत नाही, यावरून लोक समजतात की गाण्यांचीही परवानगी लागत नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. २०१२च्या दुरुस्तीने स्वामित्व हक्काच्या कायद्यात ३१ ड हे कलम आलं. त्यामुळे प्रसारकांना ठरवून दिलेल्या दराने गाणी वाजवण्याची वैधानिक सोय झाली. पण टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला की ही सोय रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरती आहे, इंटरनेटवरच्या प्रवाहाला नाही, आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. म्हणजे इंटरनेट केंद्राला हक्कधारकांशी थेट बोलणी करणं आलं. शब्द आणि संगीताचे हक्क एकाकडे असतात, ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे. एका संस्थेची पावती असली म्हणजे दोन्ही झालं असं होत नाही. छोट्या केंद्राला हे जड जातं हे खरं, आणि म्हणूनच सर्व्हरवरच्या कायमच्या यादीत काय ठेवायचं याचा विचार आधी करायला हवा.

जुनं म्हणजे मोकळं, हा त्यातला सर्वांत मोठा गैरसमज. आपल्या कायद्यात लेखक-कवी-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं, दोन्ही पुढच्या वर्षारंभापासून मोजून. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले. त्यांच्या चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. तबकडी कितीही जुनी असो, ते गाणं मोकळं झालेलं नाही. उलट बाजूला पाहिलं तर केवढा खजिना दिसतो! ‘मानापमान’ १९११चं, ‘स्वयंवर’ १९१६चं. दोन्ही नाटकं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ मध्ये गेले. ‘मानापमान’चं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, ते १९५५ मध्ये गेले, ‘स्वयंवर’चं भास्करबुवा बखल्यांचं, ते १९२२ मध्ये. शब्द मोकळे, चाली मोकळ्या, आणि बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या ज्या तबकड्यांना प्रकाशित होऊन ६० वर्षं उलटली त्यांचं मुद्रणही मोकळं. फक्त प्रत जुन्या तबकडीवरून स्वतः करावी, अलीकडे कोणी स्वच्छ करून विकायला काढलेल्या संचातून उचलू नये. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे ‘श्यामची आई’ २०११ पासून कोणालाही वाचता येते. हरिभाऊ आपटे, केशवसुत, बालकवी त्याच्याही कितीतरी आधीचे. गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या आवाजात ‘श्यामची आई’चं अभिवाचन मुद्रित केलं, तर ते केंद्राचं स्वतःचं होतं आणि दुसऱ्या कोणत्याही केंद्राकडे नसतं. मी तर म्हणेन की सर्व्हरवरची पहिली शंभर तासांची सामग्री अशीच असावी, आणि ती जमेपर्यंत उद्घाटनाची तारीख जाहीर करू नये.

खर्चाच्या बाबतीत लोक चुकीच्या गोष्टीवर पैसे घालतात. आइसकास्ट एकदा तयार झालेला प्रवाह जसाच्या तसा प्रत्येकाला पाठवतो. श्रोता वाढला म्हणून आवाज पुन्हा एन्कोड करावा लागत नाही. म्हणून मोठा प्रोसेसर घेण्यात अर्थ नाही, अगदी साधं यंत्र शेकडो श्रोते पेलतं. पैसे लागतात ते वाहतुकीला. १२८ केबीपीएसवर एक श्रोता तासाला ५७.६ एमबी नेतो. सतत एक श्रोता जोडलेला असला तर महिन्याला सुमारे ४१.५ जीबी होतात. सरासरी २० असले तर ८३० जीबी. १०० असले तर चार टीबीहून थोडं अधिक. समजा एखाद्या क्लाउड सेवेत बाहेर जाणाऱ्या दर जीबीला आठ रुपये पडतात, तर शंभर श्रोत्यांचं महिन्याचं बिल ३३ हजारांवर जातं, आणि यंत्राचं भाडं त्यापुढे किरकोळ वाटतं. म्हणून कराराआधी विचारायचं ते एकच: महिन्याला किती टीबी वाहतूक भाड्यात धरली आहे आणि ती ओलांडल्यावर काय होतं, जादा पैसे की प्रवाह बंद? सर्व्हर मुंबईतच हवा असा आग्रहही मला पटत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये अर्ध्या सेकंदाचा उशीर खुपतो. रेडिओवर दहा सेकंदांचा उशीर कोणाला कळतही नाही. जर्मनीत वाहतूक स्वस्त मिळत असेल आणि जोडणी स्थिर असेल, तर कोल्हापूरच्या श्रोत्याचं काही बिघडत नाही. बोलण्याचे कार्यक्रम जास्त असतील तर ६४ केबीपीएस मोनोचा एक वेगळा प्रवाह द्या. आपला खर्च निम्मा होतो आणि दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर जगणाऱ्या श्रोत्याचाही डेटा वाचतो.

मग घरचाच संगणक सर्व्हर म्हणून का नको, तो तर फुकटच आहे? घरच्या जोडणीचा अपलोड शंभर श्रोत्यांसाठी सतत १२.८ एमबीपीएस द्यायला हवा, हे फायबरवर कदाचित जमेलही. पण अनेक कंपन्या घरगुती ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता देत नाहीत, शेकडो घरं एका पत्त्यामागे ठेवतात, आणि बाहेरून आत येणारा श्रोता दारातच अडतो. ही अडचण पैसे देऊन सुटते असं धरलं, तरी विजेचा आणि मोडेमचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. फुकट यंत्राची किंमत श्रोत्यांच्या तुटलेल्या जोडण्यांत मोजावी लागते.

काही गोष्टी थोडक्यात, कारण त्या एकदाच करायच्या असतात. श्रोत्यांना आयपी पत्ता किंवा भाड्याच्या सेवेचा पत्ता देऊ नका; स्वतःचं डोमेन घ्या आणि तोच पत्ता सगळीकडे छापा, म्हणजे उद्या सर्व्हर बदलला तरी श्रोत्याला काही करावं लागत नाही. आइसकास्टचा मूळ पोर्ट ८००० आहे आणि तो कितीतरी कचेऱ्या-महाविद्यालयांच्या नेटवर्कमध्ये बंद असतो. शिवाय सुरक्षित संकेतस्थळावर असुरक्षित प्रवाह ब्राउझर अडवतात. म्हणून प्रवाह ४४३ वरून, प्रमाणपत्रासह द्यावा, आणि प्रमाणपत्राचं नूतनीकरण आपोआप होतंय ना हे बघावं. आइसकास्टच्या नमुना फाइलमधले पासवर्ड जगजाहीर आहेत, ते पहिल्याच दिवशी बदला. शंभर श्रोत्यांची मूळ मर्यादा त्याच फाइलमध्ये असते; आषाढी एकादशीच्या सकाळी एकशेएकाव्याला नकार मिळतो आणि कोणाला कारण सापडत नाही. आणखी एक गोष्ट खास आपल्यासाठी: एमपी३ प्रवाहात गाण्याचं नाव जातं तेव्हा आइसकास्ट ते मूळ मांडणीत युरोपीय लिपीचं समजतो, त्यामुळे देवनागरीची चिरफाड होऊन पडद्यावर भलतीच चिन्हं उमटतात. माउंटच्या मांडणीत यूटीएफ-८ एवढं एक लिहिलं की मराठी नावं मराठीत दिसतात. ही ओळ न लिहिल्यामुळे कितीतरी मराठी केंद्रं आपल्या गाण्यांची नावं रोमन लिपीत देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एवढा खटाटोप कशाला, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करा किंवा तयार रेडिओ सेवा घ्या, असं सुचवणारे मित्र असतात. यूट्यूबचं मला असं दिसतं: एखाद्या व्याख्यानासाठी, कीर्तनासाठी ते उत्तम आहे. पण तिथे आवाजाबरोबर चित्र वाहून न्यावं लागतं, मोफत खात्यावर फोनचा पडदा बंद केला की साधारणपणे आवाजही बंद होतो, आणि स्वयंचलित हक्कतपासणीत आपलंच जुनं नाट्यपद कोणाच्या तरी नावावर निघू शकतं. चुलीजवळच्या फळीवर दिवसभर वाजणारा रेडिओ त्यातून होत नाही. तयार सेवेला माझा विरोध नाही. ज्यांच्याकडे तांत्रिक माणूसच नाही त्यांनी तीच घ्यावी. फक्त घेताना वरचाच प्रश्न विचारावा: स्टुडिओ तुटल्यावर तुमच्याकडे काय वाजतं? त्यांच्या सर्व्हरवर आपली यादी राहत असेल, आपलं डोमेन जोडता येत असेल आणि सोडून जाताना फाइली परत मिळत असतील, तर ती सेवा चांगली. ते प्रवाह नुसता पुढे ढकलत असतील, तर आपण पैसे देऊन तीच उलटी रचना विकत घेतो.

सर्व्हर चालू आहे की नाही, एवढं तपासणारी साधनं इथे कामाची नाहीत; यंत्र चालू, आइसकास्ट चालू आणि आवाज मात्र नाही, ही अवस्था त्यांना दिसत नाही. तपासणी श्रोत्याच्या बाजूने करावी. दुसऱ्या जागी ठेवलेलं यंत्र दर काही मिनिटांनी प्रवाह उघडून त्यात आवाज आहे का पाहतं आणि नसेल तर दोघांना संदेश पाठवतं, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. दोघांना अशासाठी, की एक जण गावाला गेलेला असतोच. आणि केंद्र जाहीर करण्याआधी एक परीक्षा घ्यावी. थेट कार्यक्रम चालू ठेवून, वायफाय बंद केलेल्या फोनवर मोबाइल डेटाने तो ऐकत, स्टुडिओच्या राउटरची वायर काढावी. फोनवर काही क्षण निवेदक, मग याद्यांतलं काहीतरी ऐकू यायला हवं, आणि या सगळ्यात बटण एकदाही दाबावं लागू नये. पाच मिनिटांनी वायर परत लावावी. निवेदक आपोआप परत यायला हवा. मग स्टुडिओचा संगणक बंद करून, कुलूप लावून घरी जावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तोच फोन कानाला लावून भूपाळी वेळेवर लागते का ते ऐकावं.